पूर्ण समजणारं यंत्र

निन्टेंडो कंपनीचा ‘गेम बॉय’ सुरू केला की हिरवट पडद्यावर कंपनीचं नाव वरून हळूहळू खाली सरकतं, मध्यावर येऊन थांबतं, दोन सुरांची छोटीशी किणकिण होते आणि मग गेम सुरू होतो. १९८९ पासून जगभरातल्या कोट्यवधी मुलांनी हे पाहिलं आणि बहुतेकांना ती कंपनीची जाहिरात वाटली. प्रत्यक्षात त्या काही सेकंदांत एक तपासणी चाललेली असते.

यंत्राच्या आत २५६ बाइटचा एक प्रोग्रॅम कायमचा कोरलेला आहे. तो कॅसेटमधल्या ठरलेल्या जागेवरून ४८ बाइट उचलतो आणि त्यांचं चित्र पडद्यावर काढतो. म्हणजे आपल्याला दिसणारं नाव कॅसेटमधून आलेलं असतं. मग तेच ४८ बाइट तो पुन्हा वाचतो आणि स्वतःजवळच्या प्रतीशी ताडून पाहतो. एका बिटाचा फरक निघाला तरी यंत्र तिथंच थांबतं, गेम सुरूच होत नाही. कॅसेटचे धातूचे संपर्क मळले असतील तर नावाऐवजी वेडीवाकडी अक्षरं दिसतात. कॅसेटच नसेल तर काळा पट्टा खाली येतो, कारण रिकाम्या जागेतून यंत्राला प्रत्येक बिट ‘१’ असाच वाचायला मिळतो आणि ‘१’ म्हणजे काळा ठिपका.

ही तपासणी कशासाठी? परवानगीशिवाय गेम विकू पाहणाऱ्याला तो चालवण्यासाठी निन्टेंडोचं चिन्ह आपल्या कॅसेटमध्ये ठेवावंच लागेल आणि ते ठेवलं की त्याच्यावर व्यापारचिन्हाच्या चोरीचा दावा लावता येईल. ४८ बाइटचं हे कुलूप यंत्रात होतं, पण त्याचा जोर न्यायालयात होता.

जुनी गेमयंत्रं उघडणारे, त्यांत बदल करणारे आणि त्यांच्यासाठी स्वतः नवे गेम लिहिणारे लोक आज जगभर आहेत. यंत्रातल्या बदलांना ते मॉडिंग म्हणतात आणि कंपनीच्या परवानगीविना घरच्या घरी लिहिलेल्या प्रोग्रॅमना होमब्रू. बाहेरून पाहणाऱ्याला हा जुन्या आठवणींचा छंद वाटतो, किंवा फुकट गेम मिळवण्याची युक्ती. माझ्या मते तो शिक्षणाचा एक उत्तम प्रकार आहे. हातातलं यंत्र शेवटच्या बिटापर्यंत समजून घेण्याची संधी आज फार थोड्या ठिकाणी उरली आहे आणि गेम बॉय हे त्यातलं सर्वांत मोकळं दार आहे.

आठ किलोबाइटचं जग

गेम बॉय क्योटोमध्ये गुन्पेई योकोई आणि सातोरू ओकादा यांच्या चमूनं घडवला. २१ एप्रिल १९८९ रोजी तो जपानमध्ये विक्रीला आला. योकोईंची विचारसरणी स्पष्ट होती : तंत्रज्ञान नवं नको, मुरलेलं हवं. स्वस्त झालेले, खोडी माहीत असलेले भाग घ्यायचे आणि त्यांचा वापर मात्र कुणी केला नसेल असा करायचा. म्हणून रंगीत पडदे उपलब्ध असतानाही गेम बॉयला फक्त चार छटांचा, स्वतःचा प्रकाश नसलेला पडदा मिळाला. त्याच काळातला सेगा कंपनीचा ‘गेम गियर’ रंगीत आणि उजळ पडद्याचा होता, पण सहा पेन्सिल सेल काही तासांतच संपवायचा. गेम बॉय चार सेलवर त्याच्या कितीतरी पट चालायचा. गेम बॉय आणि त्याचा रंगीत वारसदार मिळून जवळपास ११ कोटी ८७ लाख यंत्रं विकली गेली.

याच काटकसरीमुळे हे यंत्र आज अभ्यासाला इतकं सोयीचं ठरतं. प्रोसेसर सेकंदाला सुमारे ४२ लाख ठोक्यांनी चालतो. कामाची स्मृती आठ किलोबाइट, चित्रांसाठीची स्मृती आणखी आठ. पडदा १६० बाय १४४, म्हणजे २३,०४० ठिपक्यांचा. हे सगळे ठिपके एकेक करून सेकंदाला साठ वेळा रंगवणं या प्रोसेसरला झेपत नाही. त्यामुळे चित्र वेगळ्या पद्धतीनं तयार होतं. जुन्या छापखान्यात खिळे जुळवून पान बांधत, तसा इथं आठ बाय आठ ठिपक्यांच्या ठोकळ्यांचा पडदा बांधला जातो. प्रत्येक ठोकळा १६ बाइटचा. चित्रस्मृतीत असे ३८४ ठोकळे मावतात आणि उरलेल्या जागेत ‘कुठल्या चौकोनात कितव्या क्रमांकाचा ठोकळा’ हे सांगणारे दोन नकाशे बसतात. एकेक नकाशा ३२ बाय ३२ चौकोनांचा, म्हणजे १,०२४ बाइटचा. हिशेब मांडून पाहा : ३८४ गुणिले १६ म्हणजे ६,१४४, त्यात दोन नकाशांचे २,०४८ मिळवले की ८,१९२. आठ किलोबाइट काठोकाठ भरले, एक बाइटही वाया गेला नाही.

हलणारी पात्रं वेगळ्या थरात असतात. एका वेळी पडद्यावर चाळीस आणि एका आडव्या ओळीवर जास्तीत जास्त दहा. अकरावं पात्र त्या ओळीवर दिसतच नाही. जुन्या गेममध्ये शत्रूंची गर्दी झाली की आकृत्या लुकलुकायच्या, त्याचं कारण हेच. प्रोग्रॅमर दर चित्रागणिक पात्रांचा क्रम बदलत, म्हणजे कुणी एक कायमचा अदृश्य होण्याऐवजी सगळे आळीपाळीनं दिसत.

गेमचा आकारही असाच मोजका. यंत्रासोबत अमेरिकेत मिळणारा ‘टेट्रिस’ ३२ किलोबाइटचा आहे. यंत्राला थेट दिसू शकणारी कॅसेट एवढीच असते. त्याहून मोठा गेम हवा असेल तर कॅसेटमध्ये एक जादा चिप बसवतात. ती मोठ्या स्मृतीचे १६ किलोबाइटचे तुकडे पाडते आणि प्रोग्रॅम मागेल तो तुकडा एका ठरलेल्या खिडकीत आणून ठेवते. १९९६ चे पहिले ‘पोकेमॉन’ गेम याच मार्गानं त्या छोट्या यंत्रात मावले.

कुलूप उघडलं कसं

त्या ४८ बाइटच्या कुलपाला पहिला शह दिला तो ब्रिटनमधल्या आर्गोनॉट सॉफ्टवेअर या छोट्या कंपनीनं. जेझ सॅन यांच्या या कंपनीतल्या तरुणांच्या एक गोष्ट लक्षात आली : यंत्र ते चिन्ह दोनदा वाचतं, एकदा चित्र काढायला आणि एकदा ताडून पाहायला. मग पहिल्या वाचनाला वेगळं उत्तर दिलं आणि दुसऱ्याला अपेक्षित, तर? एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर एवढ्या किरकोळ भागांवर त्यांनी हे साधलं. पडद्यावर निन्टेंडोऐवजी त्यांचं स्वतःचं नाव खाली सरकलं आणि यंत्रानं ते मुकाट्यानं स्वीकारलं.

पुढे जे घडलं ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. निन्टेंडोनं या मुलांवर वकील सोडले नाहीत, त्यांना कामाला बोलावलं. गेम बॉयवर त्रिमितीय चित्र हलवून दाखवणारा त्यांचा ‘एक्स’ हा गेम १९९२ मध्ये जपानात निघाला. त्यांच्याच सहकार्यानं सुपर एफएक्स ही चिप तयार झाली आणि १९९३ च्या ‘स्टार फॉक्स’मध्ये ती वापरली गेली. यंत्राचं सर्वांत खोल ज्ञान ते उघडून पाहणाऱ्यांकडे आहे, हे निन्टेंडोनं इथं ओळखलं होतं.

कायद्याच्या बाजूचा निकाल १९९२ मध्ये अमेरिकेत लागला. अकोलेड या कंपनीनं सेगाच्या यंत्रासाठी विनापरवाना गेम काढले होते. त्यासाठी त्यांनी सेगाच्या गेमचा कोड उलगडून यंत्र काय तपासतं ते शोधलं. सेगाच्या कुलपातही तीच मेख होती : ठरावीक चार अक्षरं कोडमध्ये असली तरच गेम चालायचा आणि ती असली की हा गेम सेगाच्या परवानगीनं बनल्याचा मजकूर पडद्यावर यायचा. अपील न्यायालयानं अकोलेडच्या बाजूनं कौल दिला. यंत्राशी जुळवून घेण्यासाठी लागणारी माहिती मिळवायला दुसरा मार्ग नसेल आणि हेतू रास्त असेल, तर कोड उलगडून वाचणं हा योग्य वापर आहे, असं न्यायालयानं म्हटलं. दिशाभूल करणाऱ्या मजकुराची जबाबदारीही सेगावरच टाकली, कारण कुलूपच तसं बनवलं होतं. आज होमब्रूवाले ४८ बाइट निर्धास्तपणे कॅसेटमध्ये ठेवतात, त्यामागे हा निकाल आहे.

तरीही तो २५६ बाइटचा प्रोग्रॅम स्वतः कसा आहे, हे बरीच वर्षं गूढ होतं. आपलं काम संपलं की तो स्वतःला स्मृतीतून बाद करतो, मग कुठल्याही गेमला तो वाचता येत नाही. अखेर २००३ मध्ये एका हौशी अभ्यासकानं चिपचं आवरण काढलं, आतल्या सिलिकॉनची सूक्ष्मदर्शकाखाली छायाचित्रं घेतली आणि एकेक बिट डोळ्यांनी पाहून लिहून काढला. २५६ बाइट म्हणजे २,०४८ बिट. एवढ्या चिकाटीनं वाचलेला तो प्रोग्रॅम आज कुणीही ओळीओळीनं अभ्यासू शकतं.

स्क्रू ड्रायव्हर आणि सोल्डर

मॉडिंगची सुरुवात बहुधा दुरुस्तीनं होते. गेम बॉयचे बाहेरचे स्क्रू तीन पाकळ्यांचे असतात, त्यामुळे साधा स्क्रू ड्रायव्हर चालत नाही. हे खास टोक मोबाइल दुरुस्तीच्या हत्यारांच्या डबीत सहसा मिळतं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत फेरी मारली तर सोल्डरिंगचं सामानही हाताशी येतं.

जुन्या गेम बॉयचा नेहमीचा आजार म्हणजे पडद्यावरच्या गायब झालेल्या उभ्या रेघा. पडद्याची काच आणि सर्किट यांना जोडणारी लवचिक पट्टी उष्णतेनं आणि वयानं सैल होते. तिच्या जोडावरून तापलेलं सोल्डरिंग आयर्न हलक्या हातानं फिरवलं की जोड पुन्हा धरतो आणि रेघा परत येतात. हात जड पडला तर पट्टी जळते, म्हणून हे काम सावकाशीचं. मळलेल्या कॅसेटवर फुंकर मारायची सवय आपल्याकडेही घरोघरी होती. पण फुंकरीतला ओलावा धातूला गंज चढवतो. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन संपर्क पुसणं हाच योग्य उपाय.

यानंतर येतो पडदा. मूळ पडद्यामागे प्रकाश परतवणारा थर असतो, त्यामुळे खेळायला बाहेरचा उजेड लागतो. हौशी लोक तो थर खरवडून काढतात आणि मागे एलईडीची पातळ पाटी बसवतात. उजेड मिळतो, पण चित्र फिकं पडतं. त्यावरचा तोडगा बुद्धीला सुखावणारा आहे. पडद्यावरची ध्रुवीकरण करणारी फिल्म ९० अंशांत फिरवली की काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं होतं, म्हणजे चित्र उलटं होतं, मात्र गडदपणा वाढतो. आता पडद्याकडे चित्राची माहिती नेणाऱ्या दोन तारांमध्ये शून्याचं एक आणि एकाचं शून्य करणारी एक अगदी स्वस्त चिप बसवायची. प्रकाशात एकदा आणि विजेत एकदा असं चित्र दोनदा उलटतं, ते सुलटं होतं आणि पहिल्यापेक्षा ठसठशीत दिसतं. प्रकाशाचं ध्रुवीकरण आणि डिजिटल तर्क हे दोन्ही धडे एका छोट्या कामात मिळतात.

अलीकडे मूळ पडदा काढून संपूर्ण नवा आयपीएस पडदा बसवण्याचे तयार संच मिळतात. त्यातलं सर्किट जुन्या पडद्यासाठी निघालेले संकेत पकडतं आणि एका ठिपक्याचे अनेक ठिपके करून नव्या पडद्यावर मांडतं. ज्यांना सोल्डरिंगचा सराव नाही, त्यांच्यासाठी हा सोपा मार्ग आहे.

आणखी एक काम सुंदर करण्यापेक्षा वाचवण्याचं आहे. अनेक कॅसेटमध्ये खेळाची नोंद एका स्मृतीचिपमध्ये राहते आणि ती चिप एका चपट्या सेलवर जिवंत असते. सेल संपला की नोंद पुसली जाते. १९९० च्या दशकातले कित्येक सेल आता आयुष्याच्या शेवटाला आले आहेत. कॅसेट वाचणाऱ्या यंत्रानं नोंद आधी संगणकावर उतरवून घ्यायची, मग जुना सेल काढून पत्र्याचे कान जोडलेला नवा सेल सोल्डर करायचा. थेट सेलवर सोल्डर करू नये, तापून तो फुटू शकतो.

नव्या गेमांची जुनी यंत्रं

यंत्र दुरुस्त झालं, उजळलं. मग त्याच्यावर स्वतःचं काही चालवावंसं वाटतं. इथं होमब्रू सुरू होतं.

गेम बॉयच्या अंतर्रचनेची माहिती हौशी लोकांनी १९९५ पासून ‘पॅन डॉक्स’ या नावानं एकत्र करायला सुरुवात केली आणि ती आजही सुधारली जाते. कुठल्या पत्त्यावर काय आहे, कुठला बिट काय करतो, पडदा एका ओळीला किती वेळ घेतो, सगळं त्यात आहे. कंपनीनं गुप्त ठेवलेली पुस्तिका वापरणाऱ्यांनी स्वतःच्या कष्टानं नव्यानं लिहिली. तिच्या आधारे लिहिणाऱ्याला तीन वाटा आहेत. थेट प्रोसेसरच्या भाषेत लिहायचं असेल तर आरजीबीडीएस, सी भाषेत लिहायचं असेल तर जीबीडीके आणि कोड न लिहिता चित्रं व संवाद मांडून गेम करायचा असेल तर क्रिस मॉल्टबी यांनी २०१९ मध्ये आणलेला जीबी स्टुडिओ. तिन्ही फुकट आणि खुले आहेत. तयार गेम आधी संगणकावरच्या एम्युलेटरमध्ये, म्हणजे यंत्राची हुबेहूब नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, तपासायचा आणि मग पुन्हापुन्हा लिहिता येणाऱ्या फ्लॅश कॅसेटवर घालून खऱ्या यंत्रात चालवायचा. २०१७ चा ‘टोबू टोबू गर्ल’ असाच बनला. तो फुकट मिळतो आणि त्याचा कोडही खुला आहे, म्हणून शिकणाऱ्यांना तो वाचण्यासारखा आहे.

संगीताचं दालन तर स्वतंत्रच. गेम बॉयला चारच स्वरवाहिन्या आहेत : दोन चौकोनी लहरींच्या, एक आपण आखून दिलेल्या ३२ टप्प्यांच्या लहरीची आणि एक खरखरीची. या चार धाग्यांतून गाणं विणण्यासाठी जर्मनीतल्या ऑलिव्हर विटखोव यांनी १९९८ मध्ये ‘नॅनोलूप’ लिहिला. त्यानंतर दोनेक वर्षांत स्वीडनच्या योहान कोट्लिन्स्की यांचा ‘लिटल साउंड डीजे’ आला. लहान मुलांचं खेळणं रंगमंचावर वाद्य म्हणून वाजू लागलं. मग वादकांना जाणवलं की यंत्राचा छोटा अ‍ॅम्प्लिफायर आवाजात खरखर मिसळतो. म्हणून आवाजाच्या चकतीआधीच तार जोडून स्वच्छ ध्वनी बाहेर काढण्याची युक्ती रूढ झाली. वापरणारा यंत्राच्या इतक्या जवळ गेला की त्याच्या उणिवाही त्यानं स्वतःच दूर केल्या.

घोड्याचं लांबलचक नाव

पुढच्या पिढ्यांची यंत्रं इतकी सरळ राहिली नाहीत. ती मोठी झाली, त्यांच्यावर सांकेतिक सह्यांचे पहारे बसले. पण गुंतागुंत वाढली तशा चुकाही वाढल्या आणि त्या चुकांचा इतिहास संगणक सुरक्षेच्या कुठल्याही वर्गात शिकवावा असा आहे.

निन्टेंडोचं ‘वी’ हे यंत्र २००६ मध्ये आलं. त्यातल्या ‘झेल्डा : ट्वायलाइट प्रिन्सेस’ या गेममध्ये खेळाडू आपल्या घोड्याला नाव देऊ शकतो. गेममध्ये नाव टाइप करताना लांबीची मर्यादा होती. पण जतन केलेली फाइल वाचताना गेम लांबी तपासतच नव्हता. २००८ मध्ये हौशी संशोधकांनी अशी फाइल तयार केली, जिच्यात घोड्याचं नाव राखीव जागेपेक्षा कितीतरी लांब होतं. वाढीव अक्षरं शेजारच्या स्मृतीवर सांडली आणि ती अक्षरं म्हणजे खरं तर प्रोसेसरला दिलेल्या आज्ञा होत्या. नाव वाचता वाचता यंत्र संशोधकांचा प्रोग्रॅम चालवू लागलं. बाहेरून आलेल्या माहितीची लांबी तपासल्याशिवाय ती साठवू नये, हा प्रोग्रॅमिंगचा मूलभूत नियम यापेक्षा चांगल्या उदाहरणानं सांगता येणार नाही.

त्याच यंत्रात दुसरी चूक होती. प्रत्येक प्रोग्रॅमवर कंपनीची सांकेतिक सही असायची आणि यंत्र प्रोग्रॅमचा गणिती ठसा सहीतल्या ठशाशी जुळवायचं. पण जुळवणीसाठी वापरलेली आज्ञा मजकुरासाठी होती आणि मजकूर शून्य आलं की संपला असं ती मानायची. म्हणजे दोन्ही ठशांचा पहिला बाइट शून्य असला की तुलना तिथंच थांबून ‘सारखे आहेत’ असं उत्तर यायचं. सही पूर्ण शून्यांची दिली की तिच्यातून शून्यच निघतं. मग प्रोग्रॅममध्ये एखादा निरुपयोगी अंक बदलत राहायचं. सरासरी २५६ प्रयत्नांत त्याचा ठसा शून्यानं सुरू होतो. सहीमागचं गणित अभेद्यच राहिलं, पण तुलनेच्या एका ओळीतून वाट निघाली.

तिसरा धडा २०१८ चा. ‘स्विच’ या यंत्राच्या मुख्य चिपमध्ये पहिल्यांदा चालणारा प्रोग्रॅम कायमचा कोरलेला असतो. यूएसबीमधून आलेल्या एका विनंतीची लांबी तो नीट तपासत नाही, असं उघड झालं. कोरलेला प्रोग्रॅम अपडेटनं बदलता येत नाही, त्यामुळे तोवर विकल्या गेलेल्या लाखो यंत्रांतला हा दोष कंपनीला दूर करता आला नाही. नवी यंत्रं तेवढी सुधारून आली.

आपल्या दिवाणखान्यातली कॅसेट

महाराष्ट्रातल्या घरांत १९९० च्या दशकात ‘मारिओ’ आणि ‘कॉन्ट्रा’ ज्या यंत्रांवर खेळले गेले, त्यांचं मूळही कुलपाच्याच गोष्टीत आहे. निन्टेंडोनं १९८३ मध्ये जपानात ‘फॅमिकॉम’ काढला, तेव्हा त्यात कुलपाची चिप नव्हती. १९८५ मध्ये अमेरिकेत आणलेल्या आवृत्तीत मात्र ती बसवली आणि कॅसेटचा आकारही बदलला. कुलूप नसलेल्या जपानी रचनेच्या नकला करणं सोपं होतं. कालांतरानं यंत्राचं जवळपास सगळं काम एका चिपमध्ये आलं. आपल्याकडच्या स्वस्त व्हिडिओ गेमच्या आत काळ्या थेंबाखाली झाकलेली असायची ती हीच चिप. लाखो गेम असल्याचा दावा करणाऱ्या कॅसेटमध्ये प्रत्यक्षात मोजके गेम असत, तेच वेगवेगळ्या नावांनी यादीत पुन्हापुन्हा येत.

म्हणजे आपली एक अख्खी पिढी नकली यंत्रावर खेळत वाढली. मूळ यंत्र इथल्या मध्यमवर्गीय घरात पोचणं अवघड होतं, हे खरं. पण त्या नकलांमधून कुणी काही शिकलं नाही, कारण त्यांच्यासोबत कसलीच माहिती आली नव्हती. आज त्याच फॅमिकॉमची पूर्ण माहिती मोकळेपणी मिळते. माळ्यावरचं ते यंत्र अजून चालत असेल तर ते अभ्यासाचं साहित्य आहे.

रेषा कुठे आहे

आता चोरीचा प्रश्न. ज्या वाटेनं होमब्रू चालतं, त्याच वाटेनं दुसऱ्याच्या गेमची चोरटी प्रतही चालते, हे नाकारण्यात अर्थ नाही. विक्रीत असलेल्या गेमची प्रत फुकट उतरवणं म्हणजे तो लिहिणाऱ्याची कमाई घेणं, मग यंत्र कुणाचंही असो. स्वतः गेम लिहून पाहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही.

पण समजून घेणं म्हणजे चोरी नव्हे आणि भारतीय कायदाही हा फरक जाणतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ नुसार, कायदेशीरपणे मिळवलेल्या प्रोग्रॅमची नुकसानीपासून बचावासाठी प्रत ठेवणं, त्यामागची तत्त्वं जाणण्यासाठी त्याच्या चालण्याचा अभ्यास करणं, किंवा स्वतंत्र प्रोग्रॅम त्याच्याशी जुळावा म्हणून अन्यथा न मिळणारी माहिती काढणं हा हक्कभंग ठरत नाही. २०१२ मध्ये आलेलं कलम ६५अ डिजिटल कुलूप तोडण्याला शिक्षा सांगतं, मात्र हक्कभंगाच्या हेतूनं तोडलं असेल तर. देशोदेशीचे कायदे वेगळे आहेत आणि काही याहून कडक आहेत. हेतूचा हा निकष मला योग्य वाटतो.

जतनाचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननं २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, तिथे २०१० पूर्वी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात कुठेच विकत मिळत नाहीत. गेम बॉयच्या गेममध्ये तर सहा टक्केही मिळत नाहीत. त्याच वर्षी मार्चमध्ये निन्टेंडोनं आपल्या दोन जुन्या यंत्रांची ऑनलाइन दुकानं बंद केली. एका कलाप्रकाराच्या पहिल्या काही दशकांचं वाङ्मय असं विक्रीबाहेर गेलं असताना ते टिकवून ठेवलं आहे ते सेल बदलणाऱ्या, कॅसेट वाचून ठेवणाऱ्या, पडदे दुरुस्त करणाऱ्या हौशी लोकांनी. त्यांच्या कामाला संग्रहालयांनी आणि विद्यापीठांनी आपलं मानायला हवं.

आज आपल्या मुलांच्या हातात जे फोन आहेत, त्यांच्यात कितीतरी पट ताकद आहे. पण त्या फोनमध्ये काय चाललं आहे हे संपूर्णपणे सांगू शकेल असा एकही माणूस नाही, तो बनवणाऱ्या कंपनीतही नाही. गेम बॉयबद्दल हे सांगता येतं. सोळा वर्षांची मुलगी एखादी सुट्टी त्यावर घालवून पहिल्या बाइटपासून पडद्यावरच्या ठिपक्यापर्यंतचा सगळा प्रवास स्वतःच्या डोक्यात उभा करू शकते. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत मायक्रोप्रोसेसर अजूनही बऱ्याचदा फळ्यावर आणि प्रयोगवहीत शिकवला जातो. त्याच तासाला एक जुनं गेमयंत्र टेबलावर ठेवावं, जीबीडीके उघडावं आणि मुलांना सांगावं की सत्र संपेपर्यंत यावर चालणारा स्वतःचा गेम करून आणा. एक संपूर्ण संगणक समजल्याचा आत्मविश्वास ज्यांना एकदा मिळाला, ते पुढच्या मोठ्या यंत्रांपुढे दबून जाणार नाहीत.